बंद न होणारी वीज

घरात कुठे शॉर्ट झाले, बोर्डातून धूर आला किंवा मिक्सरला हात लावताच मुंग्या आल्या, की बोलावलेला वायरमन आल्या आल्या मेन बंद करतो. मग टेस्टर लावून खात्री करतो आणि त्यानंतरच स्क्रूड्रायव्हर हातात घेतो. आपल्याकडच्या वायरिंगच्या धंद्याची सारी शिस्त या एका कृतीवर उभी आहे. मेन खाली ओढला की पुढची तार मेलेली, हे गृहीत धरूनच पुढचे सगळे काम चालते.

छपरावर सौर पॅनेल आले की हे गृहीतक उरत नाही. पॅनेलवर ऊन पडते आहे तोवर त्याच्या दोन टोकांमध्ये दाब असतोच. इन्व्हर्टर बंद केला, डीसीचा स्विच पाडला, महावितरणची लाइन गेलेली असली, तरी स्विचपासून पॅनेलपर्यंतची तार जिवंतच राहते. दहा-वीस पॅनेल एकापुढे एक जोडलेली असतील तर त्या तारेवर चारशे ते हजार व्होल्ट असू शकतात. नेहमीचा निऑन टेस्टर इथे उलट धोका वाढवतो. पॅनेलची दोन्ही टोके जमिनीपासून सुटी असतील तर एका टोकाला टेस्टर लावल्यावर परतीची वाट मिळत नाही, दिवा पेटत नाही आणि माणूस निर्धास्त होऊन दुसऱ्या टोकालाही हात लावतो.

हे पुस्तक सौर संचांच्या वायरिंगबद्दल आणि विद्युत संरक्षणाबद्दल आहे. पॅनेल किती बसवावीत, अनुदान कसे मिळवावे, पैसे किती वर्षांत फिटतील, यांवर मराठीत बोलणारे पुष्कळ आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली, एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठरले, तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळू लागले आणि गल्लोगल्ली सोलर बसवणारे उभे राहिले. त्यांतले कितीतरी जण हुशार, मेहनती आहेत. पण त्यांची बोटे एसीवर शिकलेली आहेत, आणि छपरावरचे काम डीसीचे आहे. या दोहोंतले अंतर पुस्तकभर सांगितले आहे. इथे, वाचकाने आत शिरण्याआधी, ते अंतर मुळात कशातून येते एवढे सांगतो.

आधी घाबरवून सोडण्याचा आरोप टाळू. सौर संच हे काही आगीचे कोठार नव्हे. जर्मनीत फ्राउनहोफर संस्था आणि टीयूव्ही ऱ्हाइनलँड यांनी तिथल्या संचांची पाहणी केली, तेव्हा मोठे नुकसान करणारी आग ज्यांच्यामुळे लागली अशा संचांचे प्रमाण ०.००६ टक्के निघाले. म्हणजे लाखात सहा. पण हा आकडा जर्मनीचा आहे. तिथले ऊन, तिथला पाऊस, तिथली तपासणी आणि तिथले कामगार धरून आलेला आहे. तो आपल्याला आपोआप लागू होत नाही, त्याच्या जवळ जाण्यासाठी काम तसे करावे लागते.

आता मूळ मुद्दा. ग्रिडची वीज आणि पॅनेलची वीज यांत खरा फरक एसी-डीसीचा नाही, तर बिघाडाच्या वेळी दोघी कशा वागतात याचा आहे. घरात फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले तर ट्रान्सफॉर्मर शेकडो अँपिअर ओततो, तो जवळ असेल तर हजारांत. सोळा अँपिअरच्या एमसीबीला एवढा लोंढा ओळखायला काहीच कष्ट पडत नाहीत, तो सेकंदाच्या शंभराव्या भागात पडतो. फ्यूज, एमसीबी यांचे सगळे शास्त्र या लोंढ्यावर बेतलेले आहे. बिघाड स्वतःच मोठ्याने ओरडतो, आणि संरक्षणाने तेवढे ऐकायचे.

पॅनेल असे ओरडत नाही. आज सर्रास मिळणाऱ्या ५४० वॅटच्या पॅनेलची मागची चिठ्ठी वाचा. काम करताना त्यातून सुमारे १३ अँपिअर वाहतात, आणि दोन्ही टोके थेट शॉर्ट केली तर सुमारे १३.९. फरक एका अँपिअरपेक्षाही कमी. पॅनेल देते तो प्रवाह त्यावर पडणाऱ्या उन्हाने ठरतो. ऊन जेवढे तेवढेच इलेक्ट्रॉन सुटणार, त्याहून जास्त आणणार कुठून? त्यामुळे भर दुपारी एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलांच्या एका माळेची, म्हणजे स्ट्रिंगची, तार शॉर्ट झाली, तर त्या तारेतला प्रवाह नेहमीपेक्षा जेमतेम सात टक्क्यांनी वाढेल. सकाळी नऊच्या उन्हात तर शॉर्ट झालेल्या स्ट्रिंगचा प्रवाह दुपारच्या निरोगी स्ट्रिंगपेक्षा कमीच असेल. असा बिघाड ओळखणारा फ्यूज बनवता येत नाही. बनवला तर तो चांगल्या उन्हाच्या दिवशी विनाकारण उडेल.

मग डीसीडीबीत, म्हणजे पॅनेलकडून आलेल्या डीसी तारांच्या पेटीत, फ्यूज का असतात? याचे उत्तर न देता आलेले अनेक कंत्राटदार मी पाहिले आहेत. एका स्ट्रिंगला तिच्या स्वतःच्या प्रवाहापासून धोका नसतो. धोका असतो शेजारणींकडून. तीन-चार स्ट्रिंग समांतर जोडल्या आणि त्यांतली एक बिघडली, तर बाकीच्या स्ट्रिंग आपला प्रवाह तिच्यात उलटा ढकलतात. पॅनेल उत्पादकाने चिठ्ठीवर जास्तीत जास्त किती अँपिअरचा फ्यूज चालेल ते छापलेले असते. वरच्या पॅनेलला तो २५ धरू. दोनच स्ट्रिंग असतील तर बिघडलेल्या स्ट्रिंगमध्ये दुसरीकडून येणार १३.९ अँपिअर, ऊन कधी प्रमाणापेक्षा तळपते म्हणून सव्वापट धरले तरी साडेसतरा. पंचवीसच्या आत. फ्यूज लावून काही साधत नाही, उलट दोन जास्तीचे जोड तापायला मिळतात. तीन स्ट्रिंग असतील तर हाच हिशेब पावणेपस्तीसवर जातो आणि फ्यूज अनिवार्य होतो, तोही ‘जीपीव्ही’ खुणेचा, सौर डीसीसाठी बनवलेला. घरगुती तीन किलोवॅटच्या संचात बहुधा एकच स्ट्रिंग असते. तरी तिथे फ्यूज लावलेले दिसतात, कारण पेटीत जागा होती. याउलट शेडवरच्या मोठ्या संचात चार स्ट्रिंग वाय-कनेक्टरने छपरावरच एकत्र करून खाली आणलेल्या असतात आणि फ्यूजचा पत्ता नसतो.

दुसरी गोष्ट ठिणगीची. आपल्या एसीत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. स्विच उघडताना त्याच्या दोन ओठांत जी ज्वाळा ताणली जाते तिला दर शून्याला विझण्याची संधी मिळते. डीसीत शून्य नाही. ज्वाळा पेटली की पेटलेली राहते, तांबे वितळवते, प्लास्टिक पेटवते, आणि तिच्यातला प्रवाह नेहमीपेक्षा किंचित कमीच असल्यामुळे कुठलाही फ्यूज तिच्यावर उडत नाही. मुंबईकरांना हे नवे वाटू नये. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि मुंबईच्या लोकलमधून डीसी पूर्णपणे जायला २०१६ उजाडावे लागले. नव्वद वर्षे रेल्वेच्या लोकांनी या ज्वाळेशी संसार केला, तिला विझवण्यासाठी चुंबकाने फुंकर घालणारे भलेथोरले ब्रेकर वापरले. आज मोठ्या सौर प्रकल्पांत डीसी दाबाची कमाल मर्यादा नेमकी तीच, १५०० व्होल्ट आहे. रेल्वेत त्या तारेजवळ जाणाऱ्याला परवाना आणि प्रशिक्षण लागे. सौर प्रकल्पावर ती तार हाताळणारा कालपर्यंत फॅब्रिकेशनच्या दुकानात असू शकतो.

म्हणून डीसीच्या पेटीत एसीचा एमसीबी बसवणे ही फक्त काटकसर राहत नाही. त्यावर ६३ अँपिअर लिहिलेले असले तरी पाचशे व्होल्ट डीसी तोडण्याची त्याची लायकी नसते. पहिल्यांदा बोजा असताना तो पाडला की आत ज्वाळा अडकते आणि पेटी जळते. बाजारात डीसीचे म्हणून मिळणाऱ्या एमसीबींतही एक गोम आहे. काहींत ज्वाळा विझवणाऱ्या खोबणीकडे ढकलायला कायम चुंबक असतो आणि त्यामुळे त्यांना धन-ऋण ठरलेले असते. वर-खाली उलटे जोडले तर चुंबक ज्वाळेला भलतीकडे, यंत्रणेच्या पोटात ढकलतो. बोजा नसताना तो एमसीबी चालू-बंद अगदी मस्त होतो, त्यामुळे जोडताना चूक कळतही नाही. शक्य असेल तिथे दिशा नसलेले स्विच घ्यावेत, असा माझा सरळ सल्ला आहे. दोनशे-तीनशे रुपये जास्त जातील, जाऊ द्यावेत.

सर्वांत जास्त पाने मात्र या पुस्तकात जोडांना दिली आहेत, आणि ती थोडी कमीच पडली असे छपाईला देताना वाटले. पॅनेलच्या तारांच्या टोकाला जे बोटभर कनेक्टर असतात त्यांना सगळे एमसी-फोर म्हणतात. मल्टी-काँटॅक्ट या स्विस कंपनीच्या नावाची दोन अक्षरे आणि चार मिलिमीटरची पिन, असे ते नाव. आता ते एकाच कंपनीचे राहिलेले नाही. पन्नास कारखाने ‘एमसी-फोरला जुळणारे’ कनेक्टर काढतात. ते एकमेकांत बसतात, टिक असा आवाजही येतो, आणि घोटाळा नेमका तिथेच सुरू होतो. एकाची पिन कथिल लावलेली, दुसऱ्याची दुसऱ्या धातूच्या मुलाम्याची. एकाची स्प्रिंग घट्ट, दुसऱ्याची सैल. रबरी कड्यांचे माप केसभर वेगळे. पहिला उन्हाळा जातो, दोन पावसाळे जातात, आणि मग आत पाणी आणि गंज पोहोचतो. सौर मांडणीसाठीचे आंतरराष्ट्रीय प्रमाण, आयईसी ६२५४८, सांगते की एका जोडाचे नर-मादी दोन्ही एकाच उत्पादकाचे, एकाच प्रकारचे हवेत. पॅनेल एका कंपनीचे, इन्व्हर्टरबरोबर आलेली जोडी दुसऱ्या कंपनीची आणि बाजारातून आणलेली तिसऱ्याच, असा प्रकार मात्र रोज होतो.

हिशेब करून पाहा. चांगल्या कनेक्टरचा रोध अर्ध्या मिलिओहमहूनही कमी असतो, तेरा अँपिअरला त्यात वॅटच्या दहाव्या भागाइतकीही उष्णता होत नाही. तोच रोध गंजाने, सैल क्रिम्पिंगने ०.१५ ओहमवर गेला तर पंचवीस वॅट. पंचवीस वॅटची सोल्डरिंगची कांडी रोज सकाळी लागते आणि संध्याकाळी विझते, पॅनेलखाली, वाळलेल्या पानांच्या आणि कबुतरांच्या काड्यांच्या सोबतीने. त्या वेळी स्ट्रिंगचा दाब दोन व्होल्टने कमी झालेला असतो. चारशेतले दोन. मोबाइलवरच्या आलेखात ते कोणाला दिसणार?

आणि हा सगळा रोध बहुतेक वेळा एका साध्या हत्याराअभावी जन्मतो. कनेक्टरच्या आतली पिन तारेवर रॅचेटवाल्या क्रिम्पिंग टूलने दाबायची असते. ते टूल पुरता दाब दिल्याशिवाय उघडतच नाही, त्यातच त्याची सारी हुशारी आहे. आपल्याकडे ते पक्कडीने उरकतात. पक्कडीने दाबलेली पिन ओढून पाहिली तर निघत नाही, एवढ्यावर समाधान होते. पण न निघणे वेगळे आणि सगळे तंतू धातूला धातू लागून दबणे वेगळे.

तारेबद्दल इथे थोडक्यात सांगतो, कारण ते प्रकरण सोपे आहे. घरातली पीव्हीसी तार उन्हात काही वर्षांत तडकते. सौरतारेला क्रॉसलिंक केलेल्या प्लास्टिकचे दुहेरी आवरण, आत कथिल चढवलेले तांबे आणि १५०० व्होल्ट डीसीची ताकद असते. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७२९३ हे प्रमाण २०२० पासून त्यासाठीच आहे. तारेवर तो आकडा छापलेला असतो, तो वाचायचा. जाडी ठरवताना सुरक्षेपेक्षा दाबघटच बहुधा निर्णायक ठरते. चार चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे पाच ओहम. जाऊन-येऊन साठ मीटरला ०.३ ओहम, तेरा अँपिअरला चार व्होल्ट, चारशे व्होल्टच्या स्ट्रिंगमध्ये एक टक्का. चालते. बारा व्होल्टच्या बॅटरीवरच्या दिव्यांना हीच तार लावली तर तिसरा हिस्सा दाब वाटेतच संपेल. आकडा तोच, संदर्भ बदलला की न्याय बदलतो. आणि तार कितीही चांगली असली तरी काळ्या नायलॉनच्या पट्ट्या उन्हाने तुटल्या की ती पत्र्याच्या धारेवर घासत बसते, हे विसरून चालत नाही.

दाबाच्या बाबतीत आपल्याकडे एक उलटी समजूत आहे. जास्त ऊन, जास्त गरमी, म्हणून जास्त व्होल्ट, असे अनेकांना वाटते. पॅनेल तापले की त्याचा दाब उतरतो, गारठले की चढतो. निफाडचे उदाहरण घेऊ. द्राक्षबागायतदार तिथल्या थंडीचे आकडे पाठ सांगतात, जानेवारीत पहाटे पारा पाच अंशांवर आणि कधी त्याखालीही जातो. कोणी पॅकहाऊसच्या छपरावर ५४० वॅटची वीस पॅनेल एका ओळीत जोडली. चिठ्ठीवरचा खुला, म्हणजे बोजा नसतानाचा, दाब ४९.५ व्होल्ट, गुणिले वीस, ९९० व्होल्ट. इन्व्हर्टरची मर्यादा हजार. कागदावर बसते. पण चिठ्ठीवरचा दाब २५ अंशांचा असतो. प्रत्येक अंश खाली गेल्यावर दाब साधारण ०.२७ टक्क्यांनी वाढतो. पाच अंशांना वीस पॅनेलचा दाब १०४३ व्होल्ट होतो. सूर्य उगवतो, काच अजून गार असते, इन्व्हर्टरने अजून बोजा उचललेला नसतो, आणि थोड्याशा उन्हातही खुला दाब जवळजवळ पूर्ण भरतो. इन्व्हर्टर त्या घटकेला मरतो, वॉरंटीवाला आतली नोंद वाचून हात वर करतो. एक पॅनेल कमी केले असते तर ९९१ व्होल्टवर भागले असते. बसवणाऱ्याने काम मे महिन्यात केले होते, तेव्हा मीटरने हजाराच्या बरेच खाली दाखवले असणार.

आता जमिनीकडे गळणारी वीज. इथे एक खरी गोष्ट सांगायला हवी. ५ एप्रिल २००९ रोजी कॅलिफोर्नियातील बेकर्सफिल्ड शहरात एका मोठ्या दुकानाच्या छपरावरचा सौर संच पेटला. त्या काळात अमेरिकेत पॅनेलचे एक टोक एका छोट्या फ्यूजमार्फत जमिनीला जोडलेले असे. दुसरे टोक कुठे जमिनीला लागले की त्या फ्यूजमधून प्रवाह जाई, फ्यूज उडे, इन्व्हर्टर थांबे. उत्तम योजना वाटते. पण जे टोक आधीच जमिनीला जोडलेले आहे, तेच कुठे तरी मध्ये सोलपटून चौकटीला टेकले तर? दोन्ही जागी दाब जवळजवळ सारखाच, त्यामुळे फ्यूजमधून नगण्य प्रवाह वाहतो आणि तो उडत नाही. बेकर्सफिल्डला असा एक बिघाड बारीक तारेवर मुकाट बसून होता. मग दुसरा बिघाड जाड मुख्य तारेवर झाला. फ्यूज ठरल्याप्रमाणे उडाला. आणि तो उडाल्यामुळेच जमिनीचा अधिकृत रस्ता बंद होऊन सगळ्या संचाचा प्रवाह त्या जुन्या, बारीक तारेच्या बिघाडातून वाहू लागला. २०११ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील माउंट हॉली इथेही आग लागली, आणि त्यानंतर तिथल्या तज्ज्ञांनी या आंधळ्या जागेचा कसून अभ्यास केला.

आज आपल्याकडे बसणारे बहुतेक इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मर नसलेले असतात आणि त्यांची पद्धत निराळी आहे. पॅनेलचे कुठलेच टोक जमिनीला जोडायचे नाही. रोज सकाळी ग्रिडला जोडले जाण्यापूर्वी इन्व्हर्टर दोन्ही टोकांचा जमिनीशी असलेला रोध मोजतो, कमी वाटला तर सुरूच होत नाही. दिवसभर गळतीवर नजर ठेवतो. घरगुती आकाराच्या यंत्रात ३०० मिलिअँपिअर सततची गळती किंवा ३० मिलिअँपिअरची अचानक उडी त्याला थांबवते. ही यंत्रणा खरोखर चांगली आहे. पण जुलैत काय होते, ते कोणत्याही सोलरवाल्याला विचारा. पहाटे पडद्यावर ‘आयसो फॉल्ट’, दहा वाजता ऊन पडले की आपोआप सुरळीत. ग्राहक फोन करतो, तंत्रज्ञ दुपारी येतो, सगळे ठीक दिसते, ‘दव आहे, पावसाळ्यात होतंच’ म्हणून जातो. ते दव नसते. ओल्या कनेक्टरने किंवा सोललेल्या तारेने केलेली ती पहिली तक्रार असते. बेकर्सफिल्डच्या यंत्रणेला जी ऐकू आली नव्हती ती इथे ऐकू येते आहे, आणि आपण तिला ऋतुमान म्हणून सोडून देतो. काही महाभाग तर सेटिंगमध्ये शिरून मर्यादाच खाली आणून ठेवतात.

संरक्षणाची साधने जितकी जास्त तितकी सुरक्षा जास्त, हा समज ऑस्ट्रेलियाने मोडीत काढला. तिथे छपरावर, पॅनेलच्या शेजारीच, डीसीचा आयसोलेटर बसवण्याची सक्ती होती. हेतू निर्मळ होता. पण प्लास्टिकच्या त्या डब्या उन्हात तडकल्या, तारांच्या छिद्रांतून पाणी शिरले, आणि छपरांवरच्या आगींत हे सुरक्षेचे स्विचच आघाडीवर आले. २०२१ च्या सुधारित प्रमाणात ती सक्ती काढून टाकण्यात आली. अमेरिका दुसऱ्या वाटेने गेली. तिथे आपत्कालीन बटण दाबल्यावर काही सेकंदांत छपरावरच्या तारांचा दाब उतरला पाहिजे, असा नियम २०१४ पासून टप्प्याटप्प्याने कडक होत गेला, आणि त्यासाठी प्रत्येक पॅनेलखाली इलेक्ट्रॉनिक पेट्या आल्या. म्हणजे आणखी जोड आले. मला स्वतःला साध्या संचात कमीत कमी जोड ठेवणे अधिक पटते, पण अग्निशमन दलाच्या जवानाच्या जागी उभा असतो तर कदाचित वेगळे बोललो असतो. २०१३ मध्ये न्यू जर्सीतील डेलँको इथल्या गोदामाला आग लागली तेव्हा छपरावर सात हजारांहून अधिक पॅनेल होती. धूर बाहेर काढण्यासाठी छप्पर फोडायचे तर जिवंत तारांचे जाळे समोर. गोदाम गेले.

आपल्या मुलखाचा म्हणून जो खास प्रश्न आहे तो अर्थिंगचा आणि आकाशातल्या विजेचा. मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात वीज पडून माणसे आणि जनावरे दगावतात, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने त्यासाठीच ‘दामिनी’ अ‍ॅप काढले. संचावर थेट वीज पडणे त्या मानाने विरळा. जास्त इन्व्हर्टर मरतात ते शे-दोनशे मीटरवर पडलेल्या विजेने तारांच्या वेटोळ्यात उठवलेल्या झटक्याने. धन तार छपराच्या एका कडेने आणि ऋण तार दुसऱ्या कडेने आणली की मधले सगळे क्षेत्रफळ त्या झटक्याला आमंत्रण देते. दोन्ही तारा शेजारी शेजारी आणल्या तर एक पैसा न खर्चता अर्धे काम होते. उरलेले काम असे झटके अडवणारा एसपीडी करतो, पण त्याच्या तारा अर्ध्या मीटरच्या आत असल्या तरच. पेटीत नीटनेटके दिसावे म्हणून मीटरभर वळणे दिलेली तार झटक्याच्या वेळी स्वतःच हजारभर व्होल्ट खाते आणि ते इन्व्हर्टरच्या वाट्याला येतात. एसपीडीवरची हिरवी खिडकी लाल झाली म्हणजे त्याने आपला जीव दिला आहे, आता बदला, हे किती घरमालकांना सांगितलेले असते?

लाइटनिंग अरेस्टरच्या बाबतीत बाजार फार चावट आहे. ‘एकशे सात मीटर त्रिज्येत संरक्षण’ अशा थाटात विकले जाणारे दांडे दिसतात. विजेपासून संरक्षणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण, आयईसी ६२३०५, दांड्याच्या प्रत्यक्ष उंचीवरूनच संरक्षित जागा मोजायला सांगते. आतल्या गुप्त यंत्राला ते कसलेही जास्तीचे गुण देत नाही.

जमिनीखालचे सांगायचे तर अर्थिंगचे भारतीय प्रमाण, आयएस ३०४३, हाती असले तरी माती आपल्या मर्जीने वागते. विदर्भातली काळी माती पावसाळ्यात उत्तम वाहक, आणि मे महिन्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, अर्थिंगची कांडी मातीपासून सुटते. कोकणातला जांभा बाराही महिने वाईट, त्यात खारा वारा जीआय पट्टी आणि तांब्याची तार यांच्या सांध्याला दोन-तीन वर्षांत खाऊन टाकतो. आणि छपरावर एक बारीक गोष्ट नेहमी राहून जाते. पॅनेलच्या अ‍ॅल्युमिनियम चौकटीवर अ‍ॅनोडायझिंगचा थर असतो, तो विजेला अडवतो. नुसता नटबोल्ट आवळला की चौकट सांगाड्याला जोडली असे दिसते, पण मीटर लावला तर जोड नसतो. त्यासाठी दात असलेला वॉशर लागतो जो तो थर कुरतडून आत जातो. किंमत काही रुपये.

शेतातल्या सौरपंपांना वेगळे प्रकरण दिले आहे, कारण ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेने तीन, पाच आणि साडेसात अश्वशक्तीचे पंप बांधाबांधावर नेले आहेत आणि तिथले शत्रू वेगळे आहेत. उंदीर आणि खारी तार कुरतडतात, नांगराचा फाळ पाइपात न घातलेली तार उचकटतो, फवारणीच्या पाण्याने कंट्रोलर भिजतो. ग्रिडच नाही, त्यामुळे ‘लाइट गेली’ हा हक्काचा सुरक्षित वेळही शेतकऱ्याला मिळत नाही. त्या प्रकरणाची भाषा मुद्दाम सोपी ठेवली आहे. ते वायरमनसाठी नसून पंपाच्या मालकासाठी आहे.

कायदा-नियमांचे प्रकरण शेवटी आहे आणि छोटे आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियम, राष्ट्रीय विद्युत संहिता आणि इन्व्हर्टरने लाइन गेल्यावर दोन सेकंदांत स्वतःला तोडून घ्यावे असे सांगणारे आयएस १६१६९, एवढी ओळख पुरेशी आहे. ही शेवटची अट खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवासाठी आहे, तेव्हा ‘लाइट गेल्यावर सोलर असून पंखा का चालत नाही’ या ग्राहकाच्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळेल.

पुस्तकाच्या शेवटी एक कोरा तक्ता जोडला आहे. संच सुरू करण्याच्या दिवशी प्रत्येक स्ट्रिंगची ध्रुवता, खुला दाब, शॉर्ट प्रवाह, मेगरने मोजलेला जमिनीशी रोध आणि अर्थ पिटचा रोध त्यात भरायचा आहे. पाचशे व्होल्टपर्यंतच्या संचाला पाचशेचा मेगर, त्यापुढे हजाराचा, आणि दोन्हीकडे एक मेगाओहमच्या खाली आकडा आला तर संच सुरू करायचा नाही. वेळ, ऊन आणि पॅनेलच्या पाठीचे तापमानही लिहावे, नाहीतर पाच वर्षांनी दुसरा कोणी मोजेल तेव्हा तुलना करता येणार नाही. मोजताना आभाळ भरून आले तर शॉर्ट प्रवाहाचा रकाना रिकामा ठेवून दुसऱ्या दिवशी परत जावे. तक्त्याची एक प्रत मालकाकडे द्यावी आणि एक प्लास्टिकमध्ये घालून डीसीडीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी.